आपला कागद आपल्या हातीं

(ज्युबिलीच्या सभेंत पेण व रोहा येथील धर्मबांधवांपुढें केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या सभेंत वक्त्यानें गेल्या वर्षांचा गौरव करावा, उपकारकर्त्यांचे आभार मानावे आणि श्रोत्यांस वेळेवर जेवावयास सोडावें, अशी रूढ रीत आहे. गौरवाचें व आभाराचें काम आमच्यापूर्वीं बोललेल्या सद्गृहस्थांनीं उत्तम रीतीनें केलें आहे. म्हणून आम्ही आपलें लक्ष थोडा वेळ एका निराळ्या विषयाकडे वेधूं इच्छितों. आपल्यांतील प्रौढ स्त्रीपुरुषांस कचेरींतलें संगणकाचें काम शिकविणें, हा तो विषय होय. ज्युबिलीच्या दिवशीं हा विषय कोठून आला, असें कित्येकांस वाटेल. त्याचें उत्तर शेवटीं देऊं; आधीं विषयच पाहूं.

आपण ज्या दोन तालुक्यांत राहतों ते कांहीं आडबाजूचे नाहींत. पेण मुंबई-गोवा महामार्गावर आहे. रोह्यास मध्य रेल्वे संपते आणि कोंकण रेल्वे सुरू होते. डोलवीस पोलादाचा कारखाना आहे, नागोठण्यास पेट्रोरसायनांचा आहे, रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत आहे. पेणचे पोहे व पापड मुंबई-पुण्याच्या पेठांत जातात. पेण, हमरापूर व जोहे येथील गणेशमूर्ति तर समुद्रापलीकडेही जातात. अशा ठिकाणीं कचेऱ्या पुष्कळ असतात, आणि संगणकावांचून चालणारी कचेरी आतां शोधून सांपडावयाची नाहीं. फाटकांतून आंत येणाऱ्या गाडीची नोंद, भांडारांतला साठा, वजनकाट्याची पावती, कामगारांची हजेरी, सर्व कांहीं त्यावरच होतें.

कचेरीबाहेरची स्थितीही हीच आहे. सात-बाराचा उतारा, उत्पन्नाचा दाखला, निवृत्तिवेतन, शाळेंतला प्रवेश, नोकरीचा अर्ज, ह्या सर्वांची वाट आतां संगणकांतून जाते. मग आपल्यांतील प्रौढ मनुष्य काय करितो? तो बाजारांतल्या एखाद्या दुकानांत जातो, आधार कार्ड, बँकेचें पुस्तक आणि मोबाईल काउंटरवर ठेवतो आणि समोरच्या तरुणास म्हणतो, “बाबा, तूंच काय तें भर.” तो तरुण बहुधा भलाच असतो. परंतु त्यानें काय भरलें हें ह्याला पाहतां येत नाहीं. डिमेलो, परेरा, डिसोझा हीं आपलीं आडनांवें. त्यांचें इंग्रजी लेखन आधारावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरें आणि बँकेंत तिसरें झालें, कीं पुढें बापाच्या पश्चात् मुलास आणि नवऱ्याच्या पश्चात् विधवेस किती हेलपाटे घालावे लागतात, हें आपणांस ठाऊक आहे. शिवाय मोबाईलवर आलेला गुप्त आंकडा कोणासही सांगूं नये असें बँक सांगते. तो आंकडा आपण भर दुकानांत मोठ्यानें वाचून दाखवितों!

पूर्वीं निरक्षर मनुष्य दुसऱ्याकडून पत्र लिहवून घेई आणि कागदावर काय लिहिलें आहे हें न कळतां अंगठा उठवी. ती नामुष्की घालविण्यासाठीं १९५९ सालीं सातारा जिल्ह्यांत ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि गांवोगांवचीं प्रौढ माणसें दिवसभराचें काम आटपून रात्रीं कंदिलाच्या उजेडांत पाटी घेऊन बसलीं. आज आपल्यांतले पुष्कळ जण दहावी-बारावी शिकलेले आहेत, वर्तमानपत्र वाचतात, सही झोंकांत करितात. आणि तरीही संगणकापुढें त्यांची गति त्या अंगठेबहाद्दराचीच होते. ही गोष्ट आम्हांस क्षुल्लक वाटत नाहीं.

आतां शिकवावयाचें तें कसें? आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे: प्रौढास यंत्र शिकवीत बसूं नये, काम शिकवावें, कारण काम त्याला आधींच अर्धेंअधिक येत असतें.

ह्याचें मोठें उदाहरण आपल्या देशांतील बँकांनीं घालून दिलें आहे. १९८४ मध्यें डॉ. सी. रंगराजन ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयीं अहवाल दिला, आणि पुढील कांहीं वर्षांत शाखाशाखांतून जाड खातेवह्या गेल्या व पडदे आले. प्रारंभीं कर्मचारी संघटनांचा विरोध होता. नोकऱ्या जातील ही त्यांची भीति अगदींच निराधार होती असें कोणी म्हणूं नये. तरी ज्या कारकुनांनीं अर्धें आयुष्य शाईनें खातीं लिहिण्यांत घालविलें, ते चाळिशी-पन्नाशीच्या वयांत हें काम शिकले. त्यांस तें साधलें ह्याचें कारण उघड आहे. जमा कोणती, नांवें कोणतें, शिल्लक जुळली नाहीं तर चूक कोणत्या पानांत शोधावी, हें त्यांना पक्कें ठाऊक होतें. नवें होतें तें बोटांना. डोक्याला तें काम जुनेंच होतें.

हिशेबाच्या तक्त्याचेंही तसेंच आहे. १९७९ सालीं अमेरिकेंत डॅन ब्रिक्लिन व बॉब फ्रँकस्टन ह्या दोघांचा ‘व्हिसिकॅल्क’ नांवाचा तक्ता घरगुती संगणकासाठीं विक्रीस आला. व्यापारी शिक्षणाच्या वर्गांत फळ्यावर कोष्टक मांडलेलें असतां एक आंकडा बदलला कीं त्यावर अवलंबून असलेले सर्व आंकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. ही कटकट पाहून ब्रिक्लिनला ती कल्पना सुचली. आज आपण ज्यास एक्सेल म्हणतों तें त्याच कुळांतलें. म्हणजे हें साधन मुळांत वहीच्या पानापासूनच निघालें आहे. आपल्या बचतगटाची वही सांभाळणारी भगिनी महिन्यांचे रकाने आंखते, सभासदांचीं नांवें एकाखालीं एक लिहिते, शेवटीं बेरीज घेते. तिला ‘फॉर्म्युला’ ह्या शब्दानें घाबरविण्याचें कारण नाहीं. तिच्याच गटाचीं नांवें व हप्ते तक्त्यांत लिहवून घ्यावे, बेरीज मांडून द्यावी आणि मग एका सभासदाचा हप्ता तिला बदलावयास सांगावा. खालची बेरीज आपोआप बदललेली तिनें एकदां पाहिली, कीं पुढचा धडा ती आपण होऊन मागेल. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख ह्यांच्या घराण्याचें नातें रोह्याशीं होतें. हिशेबाची विद्या ह्या मातीला परकी नाहीं, एवढें तरी आपण म्हणूं शकतों.

पत्राचीही तीच गोष्ट. ‘प्रति’, ‘विषय’, ‘संदर्भ’, ‘महोदय’, खालीं ‘आपला नम्र’ आणि डावीकडे सोबत जोडलेल्या कागदांची यादी, ही अर्जाची मांडणी ज्याला येते त्याला ई-मेलांत नवें असें थोडेंच आहे. विषयाची जागा तीच. ‘प्रत रवाना’ म्हणतों तीच सी.सी.; सोबतचे कागद तेच, फक्त टांचणीऐवजीं कळ दाबून जोडावयाचे. फाईल व फोल्डर हे शब्द तर कचेरीच्या कपाटांतूनच संगणकांत गेले आहेत. ज्या शिपायानें वीस वर्षें कपाटांतून नेमकी फाईल काढून दिली, त्याला फोल्डर म्हणजे काय हें समजावून सांगण्याची गरज नसावी.

आतां मराठी लिहिण्याविषयीं दोन शब्द. इंग्रजी येत नाहीं म्हणून संगणक येणार नाहीं, ही समजूत आपल्यांत फार रुजलेली आहे. आपल्या सर्वांना परिचित असलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले तेव्हां त्यांचें वय तिशीचें होतें. त्या वयांत परकी भाषा शिकून त्यांनीं मराठींत ख्रिस्तपुराण रचिलें. तें १६१६ सालीं राशोल येथें छापून निघालें; परंतु देवनागरी खिळे उपलब्ध नसल्यामुळें तें रोमन अक्षरांत छापावें लागलें. चारशें वर्षें लोटलीं, आणि आपण मोबाईलवर आपल्याच मुलांना मराठी वाक्यें रोमन अक्षरांत लिहून पाठवितों. फादर स्टीफन्सपाशीं खिळे नव्हते, आपल्यापाशीं आहेत. युनिकोडमध्यें देवनागरीस १९९१ पासून स्थान आहे, आणि त्या पद्धतीनें लिहिलेलें पत्र दुसऱ्या यंत्रावर उघडलें तरी त्याचीं अक्षरें मोडत नाहींत. जुन्या फाँटांत लिहिलेला मजकूर परक्या यंत्रावर कसा चिवडा होऊन दिसे, हें कचेऱ्यांत काम केलेल्यांस आठवत असेल.

शासकीय कचेऱ्यांत इन्स्क्रिप्ट नांवाची कळफलकाची मांडणी चालते. १९९१ च्या भारतीय मानकांत ती दिलेली आहे. तिच्यांत स्वर व मात्रा डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजनें उजव्या हाताकडे ठेविलीं आहेत. ज्या कळीवर क आहे तिच्यावरच शिफ्ट धरली कीं ख उमटतो. तसाच ग वर घ, त वर थ, द वर ध, प वर फ, ब वर भ. म्हणजे ज्यानें लहानपणीं पाटीवर बाराखडी गिरविली, त्याच्या डोक्यांत ही मांडणी अर्धी तयारच आहे. महाराष्ट्रांत टंकयंत्रावरची शासकीय परीक्षा २०१७ सालीं बंद झाली, आणि आतां राज्य परीक्षा परिषद ती संगणकावर घेते. लिपिक-टंकलेखकाच्या जागेस मराठीचा मिनिटास ३० शब्दांचा किंवा इंग्रजीचा ४० शब्दांचा वेग लागतो. यंत्र बदललें, वेगाची अट राहिली. आमच्या वर्गांतल्या प्रत्येकानें तो वेग गांठावा असें नाहीं. ज्याला नोकरी हवी त्यानें गांठावा, इतरांनीं दहा ओळींचा अर्ज बिनचूक लिहावा.

“आतां ह्या वयांत?” असा प्रश्न कोणी विचारील. त्यास आम्ही आपल्याच तालुक्याकडे बोट दाखवूं. पेण तालुक्यांतील गागोदें येथें १८९५ सालीं जन्मलेले विनोबा भावे १९४२ च्या लढ्यांत तुरुंगांत गेले, आणि सत्तेचाळिशीच्या सुमारास त्यांनीं तेथें दक्षिणेकडील चार भाषा लिपींसह शिकण्यास घेतल्या. विनोबांची बुद्धि सर्वांस लाभत नाहीं हें खरें. पण त्यांनीं शिकण्यास जें वय निवडलें तें आपणां सर्वांस लाभतेंच.

शासनानें ह्या बाबतींत कांहींच केलें नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. २००१ सालीं महाराष्ट्र शासनाच्या पुढाकारानें महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झालें व त्याचा एम.एस.सी.आय.टी. हा अभ्यासक्रम गांवोगांव पोहोंचला. आजवर एक कोटीहून अधिक लोकांनीं तो घेतला आहे, आणि शासकीय नोकरींत त्याचें प्रमाणपत्र मागितलें जातें. केरळांत २००२ मध्यें मलप्पुरम जिल्ह्यापासून ‘अक्षय’ योजना निघाली. घरटी निदान एका माणसास संगणकाची ओळख करून देणें हा तिचा हेतु होता. २०१७ सालीं केंद्र शासनानें ग्रामीण डिजिटल साक्षरतेची योजना काढली. सहा कोटी ग्रामीण घरांत घरटी एकास शिकविण्याचें ठरलें, अभ्यास २० तासांचा होता, आणि वयाची अट १४ ते ६० वर्षें होती. मार्च २०२४ मध्यें ती योजना संपली.

ह्या योजनांचे उपकार मानून आम्ही दोन गोष्टी नमूद करितों. घरटी एक म्हटलें कीं घर तरुण मुलाकडे बोट दाखवितें. आई मागें राहते. आणि साठ वर्षांची रेघ ओढली कीं निवृत्तिवेतनाचे कागद ज्यांना सर्वांत अधिक करावे लागतात तेच रेघेबाहेर पडतात. शिवाय प्रमाणपत्र मिळालें आणि वर्षभर संगणकास हात लागला नाहीं, तर बोटें सर्व विसरतात. प्रमाणपत्र ज्याला हवें त्यानें अवश्य घ्यावें. आपण जो वर्ग काढूं म्हणतों त्याची कसोटी निराळी राहील: वर्ग सुटतांना शिकणाऱ्याच्या हातीं त्याच्या स्वतःच्या कामाचा एक पुरा झालेला कागद असावा.

वर्गाची रीत काय असावी, हेंही सांगतों. प्रथम भीति घालवावी. प्रौढास न येण्याची लाज वाटते आणि महागडें यंत्र बिघडण्याची धास्ती असते. लहान मुलास ह्यांपैकीं एकही नसते, म्हणून तें लवकर शिकतें. यासाठीं पहिल्या दिवशीं केलेलें परत फिरविण्याची कळ शिकवावी. एक ओळ लिहावी, पुसावी आणि कंट्रोल व झेड ह्या दोन कळा दाबून ती परत आणावी. चूक परत फिरवितां येते हें हातास पटलें कीं हात धीट होतो. त्याच दिवशीं लिहिलेलें जतन करण्याची कळ. कारण पावसाळ्यांत आपल्याकडे वीज केव्हां जाईल ह्याचा नेम नाहीं.

दुसरें असें कीं एका यंत्रापुढें एकच मनुष्य बसावा. दोघे बसले कीं एक काम करितो आणि दुसरा पाहून समाधान मानतो. आणि नवराबायको एकत्र बसलीं तर पाहणारें कोण असेल हें आम्हीं सांगावयास नको. तिसरें, शिकविणाऱ्यानें शिकणाऱ्याच्या हातांतला माउस कदापि घेऊं नये. “थांबा, मी करून देतों” हें वाक्य दुकानांत शोभतें, वर्गांत नाहीं. ज्यांचीं बोटें कामानें राठ झालीं आहेत, त्यांच्या यंत्रावर माउसची गति कमी करावी, बाण व अक्षरें मोठीं करावीं. ही सोय संगणकांत असतेच, कोणी वापरीत नाहीं एवढेंच.

चौथें म्हणजे धडे ज्याच्या त्याच्या कामांतून काढावे. मूर्तिकारास मागणीची वही: गिऱ्हाइकाचें नांव, मूर्तीची उंची, विसार, बाकी. पापड-पोह्यांचा उद्योग चालविणाऱ्या भगिनीस जी.एस.टी.चा आंकडा असलेलें बिल. धाटावच्या कामगारास साठ्याचा तक्ता. पंचेचाळीस वर्षांच्या ज्या मनुष्याची पाठ आतां पोतीं उचलूं देत नाहीं, त्याला मालाची जी पारख आहे ती नव्या पदवीधरास नसते; भांडाराच्या टेबलाशीं त्याला बसतां येत नाहीं तें केवळ ती पारख पडद्यावर उतरवितां येत नाहीं म्हणून. हा वर्ग त्याला नोकरी देईल असें वचन आम्ही देत नाहीं. नोकरी मागावयास जातांना त्याच्या खिशांतील एक नकार कमी होईल, एवढें खात्रीनें सांगतों.

कोणी तरुण श्रोता म्हणेल, “फादर, आतां सर्व कामें मोबाईलवर होतात, आणि कृत्रिम बुद्धिमत्ता तर सांगितलें कीं अर्जही लिहून देते, मग हा खटाटोप कशास?” प्रश्न योग्य आहे. मोबाईलवर निरोप लिहिणें सोपें. चाळीस सभासदांचा वर्षाचा हिशेब त्या चार बोटांच्या पडद्यावर सांभाळणें अवघड. आणि यंत्रानें लिहिलेल्या अर्जांत गटक्रमांक चुकला, क्षेत्र चुकलें किंवा नको तें कबूल केलें गेलें, तर खालीं सही आपली असते. लिहून देणारा दुकानदार असो कीं यंत्र असो, लिहिलेलें तपासण्याची विद्या सहीवाल्यालाच हवी. ती विद्या दहा अर्ज स्वतः लिहिल्यावांचून येत नाहीं.

आतां आमची सूचना. गणेशोत्सव आटपला कीं मूर्तिकारांस उसंत मिळते आणि त्यापुढें भातकापणीही होऊन जाते. म्हणून कार्तिकांत वर्ग सुरू करावा. कारखान्यांतील पाळ्या बदलत्या असतात, यास्तव तोच धडा सकाळीं व सायंकाळीं असा दोनदां व्हावा. कचेऱ्यांतून काढलेले पण चालते असे आठ-दहा संगणक पुरेत. लेखनाचें व हिशेबाचें लिबर ऑफिस विनामूल्य मिळतें. शिकविण्यास डोलवी, धाटाव व नागोठणें येथें नोकरीस असलेले आपलेच तरुण पुढें यावेत. वर्ग सर्वांस खुला असावा. शेजारच्या आळींतला हिंदु-मुसलमान बंधु किंवा वाडीवरचा कातकरी आला, तर त्याला पहिल्या बाकावर जागा द्यावी.

हा विषय ज्युबिलीच्या दिवशीं कां काढला, ह्याचें उत्तर देऊन आम्ही आपली रजा घेतों. जुन्या करारांत पन्नासावें वर्ष ज्युबिलीचें मानलें आहे. त्या वर्षीं ज्याची जमीन दुसऱ्याच्या हातीं गेली असेल ती त्याला परत मिळे आणि बांधलेला मनुष्य मोकळा होऊन आपल्या घरीं जाई. रोषणाई व मेजवानी मागाहून आली. ज्युबिलीचा मूळ अर्थ ज्याचें त्याला परत देणें असा आहे. आपल्यांतील पुष्कळांच्या हातून आपला कागद आपण वाचण्याचा व आपण लिहिण्याचा अधिकार निसटला आहे. तो त्यांना परत मिळवून देणें हें ज्युबिलीचेंच काम आहे, असें आम्हांस वाटतें.

नांवनोंदणीची वही सभागृहाच्या दाराशीं ठेविली आहे. ज्यांना शिकावयाचें आहे त्यांनीं डाव्या पानावर आणि ज्यांना शिकवावयाचें आहे त्यांनीं उजव्या पानावर नांव लिहावें. वयाचा रकाना त्या वहींत ठेविलेला नाहीं.